इतिवृत्त

सभा सुरू, संध्याकाळी सहा वाजून अकरा मिनिटांनी.
हजर नगरसेवक आठ. गैरहजर एक :
क्लेम टॅप्सेल, न्यूकॅसलच्या इस्पितळात, छातीमुळे.
रजेचा अर्ज मंजूर.

सुरुवातीला वोनारुआ लोकांच्या भूमीला वंदन.
अध्यक्षांनी ते पाठ म्हटलं, घड्याळाकडे बघत.
मागच्या रांगेत आँटी व्हर्ना होत्या,
पर्स मांडीवर घट्ट धरून,
आपल्याच घरात पाहुण्यासारख्या.

विषय पहिला : भिंत.
राणीबाईंची तसबीर उतरवून दोन वर्षं झाली.
खिळा तसाच. खिळ्याखाली
एक पांढरा चौकोन, खिडकीहून लहान, ताटाहून मोठा.
तिथे नवा राजा लावायचा की नाही?

यावर मी सोळा पानं लिहिली.
रसेल गफनी आजोबांची पदकं लावून आले होते,
म्हणाले, राजाशिवाय हा हॉल म्हणजे मेंढ्या कातरायची शेड.
डॅनिका व्हुकोविच म्हणाली,
ज्याला इथे यायला आख्खा दिवस विमानात बसावं लागतं
तो इथला कसा?
टाळ्या. मग दुसऱ्या बाजूने टाळ्या.
कुणी नाणी काढली, कुणी झेंडा काढला,
कुणी विचारलं, मग राजाच्या वाढदिवसाची सुट्टीपण सोडणार का?
इथे मात्र दोन्ही बाजू जरा थबकल्या.

साप निघून गेला की लोक भुई थोपटतात म्हणे.
आमचा साप गेलाच नव्हता,
चहाच्या टेबलाखाली वेटोळं करून पडला होता,
आणि काठ्या चालल्या होत्या छतावर.

लावायचा. पाच विरुद्ध तीन.

नऊ चाळीसला विषय सहावा :
खाणीची हद्द दोन किलोमीटर पुढे, ओढ्यापर्यंत,
आणखी बावीस वर्षं.
टॅमवर्थहून आलेले टीव्हीवाले तोवर वायरी गुंडाळत होते.
प्रस्ताव वाचला आहे असं समजण्यात आलं.
आँटी व्हर्नांनी हात वर केला,
अध्यक्ष नेमके चष्मा पुसत होते.
मंजूर.
तीन मिनिटं, असं मी लिहिलं आणि खोडलं;
वेळ लिहायची पद्धत नाही.

माझा ब्रोडी तिथेच डंपर चालवतो.
घराचा हप्ता त्याच खड्ड्यातून निघतो,
तेव्हा मला बोलायचा अधिकार किती, ते मला ठाऊक आहे.
कोळसा उगाळावा तितका काळा, खरंय,
पण आमच्याकडे तो उगाळत कोण बसलंय?
तो नुसता भरला जातो आणि जातो,
हॉलमागच्या रुळांवरून, चौऱ्याण्णव डबे,
सभा चालू असताना मी मोजते,
खिडकीची काच दाताखाली वाळू आल्यासारखी करकरते.

सगळे गेल्यावर कप धुतले, खुर्च्या रचल्या.
मग स्टुलावर चढून
चौकोनाच्या कडेबाहेर बोट फिरवलं.
बोट काळं.
म्हणजे चौकोन काही वेगळा नव्हता,
तो भिंतीचा मूळ रंग.
बाकीची भिंत म्हणजे
आमच्या श्वासात जायचं राहून गेलेलं सगळं.

इतिवृत्तात हे नाही.

तसबीर मार्चमध्ये आली, सरकारी खर्चाने, फुकट.
चौकट जुनीपेक्षा चार बोटं लहान निघाली.
राजाच्या चारी बाजूंनी आता उजळ पट्टी दिसते,
त्याच्यामागे कुणी दिवा लावून ठेवल्यासारखी.

पुढच्या सभेचा विषय पहिला : पट्टी.
रसेल म्हणतात, मोठी चौकट मागवू.
डॅनिका म्हणते, उतरवा आणि एकदाचा रंग द्या.
क्लेमचा रजेचा अर्ज पुन्हा आलाय,
यावेळी अक्षर त्याच्या बायकोचं.
आँटी व्हर्नांचा काल फोन आला,
विचारत होत्या, माईक कुठल्या बाजूला असतो,
आणि तो चालू कोण करतं.
मी, म्हटलं.